‘या’ या शब्दाची साक्ष

त्या वर्षी फ्रँकफर्टची जमीन उघडी पडली होती. भुयारी रेल्वेसाठी शहराच्या मध्यभागी खड्डे खणले होते आणि खड्ड्यांच्या कडेला जुन्या फरसबंदीचे काळे चौकोनी दगड रचून ठेवले होते. पावसात ओले झाले की ते दगड झोपलेल्या जनावरांच्या पाठींसारखे दिसत. कुसुमकाकू त्यांच्या बाजूने हळूहळू चालत मोर्चाला जायच्या. मोर्चात नव्हे, मोर्चाला. मोर्चा रस्त्यावरून जाई आणि त्या फुटपाथवर उभ्या राहत. राखाडी कोट, डोक्याला रुमाल, दंडावर पांढरी पट्टी. पट्टी कसली म्हणून कोणी विचारलं तर म्हणत, "इथे कोणीतरी बघतं आहे एवढं सगळ्यांना कळावं म्हणून."

बोकनहाइम भागातल्या त्यांच्या घरात वरच्या खोल्या मराठी विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या असत. अडुसष्ट साली तिथे श्रीनाथ राहायचा. रबराच्या रसायनशास्त्रात त्याची डॉक्टरेट चालली होती. त्याची मैत्रीण वीणा भौतिकशास्त्र शिकत होती. ती राहायची विद्यार्थिनींच्या वसतिगृहात, पण रविवारी जेवायला हक्काने काकूंकडे यायची.

"काकू, अहो एवढ्या लांब येता तर दोन पावलं आमच्यात चाला की," वीणा म्हणायची.

"चालणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते. मला हात बघायचे असतात."

"हात बघून भविष्य सांगता काय?" श्रीनाथ विचारायचा.

"भूतकाळ सांगते. कोर्टात."

श्रीनाथला जर्मन भाषेची थट्टा करायची सवय होती. "हे लोक दिवसभर 'या या' करतात," तो म्हणायचा, "आणि दारात जाऊन उभं राहिलं तर एकही जण 'या' म्हणत नाही." जर्मन भाषेतला होकार कानाला अगदी आपल्या ‘या’सारखा लागतो. काकू हसायच्या. त्या स्वतः जर्मन होत्या, आणि हा विनोद त्यांनी श्रीनाथच्या जन्माच्याही आधी ऐकलेला होता.

त्यांचं मूळ नाव हेर्था लिंडनर. ऱ्हाइन नदीकाठी कारखान्यांचं एक गाव होतं. नदीला रोज वेगळा रंग असायचा, कारण रंगांचे कारखाने आपलं पाणी तिच्यात सोडायचे. हेर्था तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दिवसभर अनोळखी माणसांचे आवाज तिच्या कानातून वाहत जायचे. श्यामकांत नागपूरहून रंगांचं रसायन शिकायला आला होता. एका संध्याकाळी पुलावर उभं राहून, आज नदी जांभळी का, हे तो तिला समजावत बसला, आणि समजावणं संपेपर्यंत काळोख पडला. त्यांचं लग्न त्याच्या मित्रांनी एका भाड्याच्या खोलीत लावलं. कॉफीच्या ट्रेमध्ये तांदूळ पसरून त्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं.

"यात मी कुठे आहे?" तिने विचारलं. तिला तेव्हा मराठी अक्षरं वाचता येत नव्हती.

"या गाठीपासून या शेपटीपर्यंत," तो म्हणाला.

सरकारी कागदावर ते लग्न कधी आलं नाही. परदेशी माणसाशी लग्न नोंदवलं की त्या काळी जर्मन बाईचं नागरिकत्व जायचं. त्यामुळे ती कागदावर हेर्था राहिली आणि तांदळात कुसुम झाली.

पहिलं महायुद्ध संपून दशक उलटलं होतं. नव्या घटनेत बोलण्याचं, जमण्याचं, चालण्याचं स्वातंत्र्य लिहिलेलं होतं. रस्त्यावर मात्र मोर्चा निघाला की घोडेस्वार शिपाई येत, दांडके येत, आणि कधी गोळीही येई. मग दुसऱ्या दिवशी एक बाजू म्हणे त्यांनी सुरुवात केली, दुसरी म्हणे त्यांनी. गावातल्या काही माणसांनी एक छोटी समिती केली. एक वकील, एक पाद्री, दोन निवृत्त शिक्षिका. समितीचं काम एवढंच, की मोर्चाच्या कडेला उभं राहायचं आणि बघायचं. घोषणा द्यायची नाही. धावायचं नाही. चेहऱ्यांकडे बघायचं नाही, कारण चेहरा बघितला की माणूस कोणाचा तरी होतो. हात बघायचे. कोणत्या हातात काय आहे, कोणता हात आधी उठला. आणि नंतर विचारलं तर दिसलं तेवढंच सांगायचं. हेर्था आणि श्यामकांत दोघंही त्या समितीत गेले.

एका मोर्चात एक तरुण कामगार गोळी लागून मेला. समितीच्या माणसांनी बंदुकीचा हात पाहिला होता, बाहीवरची खूण पाहिली होती. तेवढं पुरेसं होतं. पण कोर्टात त्या मुलाची आई पहिल्या रांगेत बसली होती. श्यामकांतने तिच्याकडे पाहिलं, आणि साक्षीत एक वाक्य जास्त सांगितलं. म्हणाला, "मी त्या शिपायाचा चेहराही पाहिला." दुसऱ्या बाजूच्या वकिलाने त्याला खिडकीशी नेलं आणि समोरच्या दुकानावरची पाटी वाचायला सांगितली. श्यामकांतला ती एवढ्या अंतरावरून वाचता आली नाही. मग त्याची साक्ष गेली, आणि तिच्यामागे सगळ्यांची गेली. त्या मुलाची आई खाली उतरताना जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत होती, आंधळ्यासारखा. हेर्थाने तो हात पाहिला.

त्यानंतर अशी वर्षं आली, की रस्त्यावरचे सगळे हात एकाच दिशेने उठू लागले आणि कडेला उभं राहून बघणारं कोणी उरलं नाही. समिती बंद झाली. श्यामकांत नोकरी शोधायला नागपूरला गेला, तिला मागून बोलावणार होता. विषमज्वराने तिकडेच गेला. युद्ध आलं. नदीकाठचं गाव जळलं. हेर्था फ्रँकफर्टला आली, पुन्हा एक्स्चेंजमध्ये लागली. मराठी तेवढं तिच्याबरोबर आलं. ते विसरू नये म्हणून तिने विद्यार्थ्यांना खोल्या द्यायला सुरुवात केली, आणि हळूहळू ती सगळ्यांची कुसुमकाकू झाली.

पन्नासच्या दशकात देशात पुन्हा सैन्य उभं राहणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा एका सकाळी काकूंनी उशीच्या अभ्र्याची पट्टी फाडली, दंडाला बांधली आणि फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. आता समिती नव्हती. एकट्याच. धुक्यातून माणसं यायची, धुक्यात जायची. कधी त्यांना वाटायचं, तोच एक मोर्चा चालतो आहे, मध्ये फक्त शहरं बदलली. टोप्या गेल्या, केस वाढले, पण ओल्या कोटांचा वास तोच होता.

अडुसष्टच्या मे महिन्यातला मोर्चा आणीबाणीच्या कायद्यांविरुद्ध होता. संकटकाळी नागरिकांचे काही हक्क गोठवता येतील, असं त्या कायद्यांत होतं. वीणा त्या दिवशी प्रयोगशाळेत अडकली होती. श्रीनाथ मोर्चात होता. काकू खणलेल्या रस्त्याच्या कडेला, दगडांच्या ढिगापुढे उभ्या होत्या. पाण्याच्या तोफेची गाडी आली. पाणी उंच उडालं, आणि क्षणभर त्या करड्या रस्त्यावर इंद्रधनुष्य उभं राहिलं. काकूंच्या मनात आलं, नदी आज उभी राहिली आहे. मग त्यांच्या मागच्या ढिगातून कोणीतरी दगड उचलला. तो त्यांच्या डोक्यावरून गेला. मागून आणखी एक. समोर पाण्याच्या पडद्यापलीकडे एक हात वर झाला आणि एक ओळखीचा आवाज आला: "या! या!"

एक दगड एका शिपायाच्या भुवईवर बसला. पोलिसांनी जे हाताशी सापडले त्यांना गाडीत कोंबलं. त्यात श्रीनाथ होता. त्याला दुसऱ्या दिवशी सोडलं, पण खटला राहिला. जखमी शिपायाचं म्हणणं असं, की हा परदेशी तरुण दगड मारणाऱ्यांकडे तोंड करून उभा होता, प्रत्येक दगडाला ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’ ओरडत होता आणि हाताने मारा मारा अशी खूण करत होता. चिथावणीचा आरोप. शिक्षा झाली असती तर परदेशी लोकांच्या कचेरीने, म्हणजे औसलेंडरआम्टने, त्याचा राहण्याचा परवाना रद्द करून त्याला देशाबाहेर काढलं असतं. डॉक्टरेट अर्ध्यात होती.

डॉक्टर एबर्लाइन नावाचे तरुण वकील काकूंच्या स्वयंपाकघरात बसले होते. काकूंनी त्यांना भात आणि आमटी वाढली होती आणि ते आमटी चमच्याने सूप पितात तशी पीत होते. वीणा दुभाष्याचं काम करत होती, गरज नसताना.

"मी तुम्हाला बोलावत होतो काकू," श्रीनाथ म्हणाला. "तुमच्या डोक्यावरून दगड चालले होते. इकडे या, इकडे या, म्हणून घसा फोडत होतो."

काकूंनी पळी खाली ठेवली. "मला?"

"मग कोणाला? वीणाला मी ‘या’ म्हणेन होय?"

"म्हणून तर बघ एकदा," वीणा म्हणाली. "कानांना बरं वाटेल."

तिने वकिलांना समजावलं. बरोबरीच्या माणसाला ‘ये’, मोठ्या माणसाला ‘या’. एबर्लाइन यांनी चमचा खाली ठेवला. "अगदी बरोबर! मग प्रश्नच मिटला. फ्राऊ लिंडनर कोर्टात सांगतील, की तो आपल्याला बोलावत होता आणि त्यांनी ते ऐकलं."

"पण मी तसं ऐकलं नाही," काकू म्हणाल्या.

आमटीतून वाफ निघत राहिली.

"म्हणजे?" श्रीनाथने विचारलं.

"मी ‘हो’ ऐकलं. जर्मन ‘हो’."

"काकू, तुम्ही आम्हाला रोज सकाळी ‘या रे, चहा झाला’ म्हणता. तुमच्या तोंडातला शब्द आहे तो!"

"आहे. त्या वेळी कानात आला नाही."

"मग आता आणा ना कानात! कोणाला कळणार आहे? तुमच्या कानात काय झालं हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे, एवढं पुरत नाही का?"

श्रीनाथ उभा राहिला. त्याचा आवाज खाली गेला होता. "म्हणजे तुम्हालासुद्धा वाटलं, मी दगडांना ‘हो’ म्हणत होतो."

"मला काय वाटलं ते मी सांगत नाही. ऐकलं ते सांगते."

"एकच आहे ते," तो म्हणाला, आणि वर निघून गेला. वीणा त्याचं ताट झाकून ठेवत पुटपुटली, "काकू, तुम्ही पण ना. देव तरी एवढं खरं बोलतो का?"

वकील समजूतदार होते. ते म्हणाले, "मी तुम्हाला बोलावलं नाही तर माझ्याकडे एकही साक्षीदार नाही. बोलावलं तर तुम्ही त्याला बुडवाल. मग काय करू?"

"बोलवा," काकू म्हणाल्या. "मी तिथे होते."

उन्हाळाभर श्रीनाथ त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलला. काकू नाही, फ्राऊ लिंडनर. तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं, व्याकरण शुद्ध होतं. काकू मराठीतच उत्तर द्यायच्या. बागेतल्या लिंडन झाडाला फुलं आली आणि गेली. काकूंना पुन्हा पुन्हा एकच स्वप्न पडायचं. पाण्याचा पडदा, पलीकडे एक हात, आणि एक आवाज. स्वप्नात त्या कान देऊन ऐकायच्या, आणि दर वेळी ‘हो’च ऐकू यायचं. स्वप्नातही त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

सुनावणी पानगळीत झाली. न्यायाधीश वयस्कर, सर्दी झालेले. आधी शिपाई बोलला. त्याच्या भुवईवर गुलाबी व्रण होता. साधा माणूस, द्वेषाने बोलत नव्हता. त्याने ऐकलं ते सांगितलं.

मग काकू उभ्या राहिल्या.

"तुम्ही काय ऐकलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"‘या, या’ असं ऐकलं."

"त्याचा अर्थ तुम्ही काय घेतलात?"

"त्या क्षणी ‘हो’ घेतला."

खोलीत कुजबुज झाली. एबर्लाइन यांनी डोळे मिटले. मागे वीणाने श्रीनाथचा दंड धरून ठेवला. त्याने मान खाली घातली होती.

"त्या क्षणी, असं का म्हणता?"

"कारण नंतर मला कळलं, की त्या आवाजाला दुसराही अर्थ होता. आरोपीच्या भाषेत, मराठीत, ‘या’ म्हणजे इकडे या. वडीलधाऱ्या माणसाला असं बोलावतात."

सरकारी वकील पटकन उठले. "फक्त वडीलधाऱ्यांना?"

"नाही. अनेक जणांनाही ‘या’ म्हणतात."

"म्हणजे जमावालासुद्धा?"

"हो. पण त्या जमावात मराठी कोणाला येत नव्हतं. त्या रस्त्यावर मराठी येणारी मला माहीत असलेली माणसं दोनच. तो आणि मी."

"तुम्हाला मराठी येतं म्हणता. मग त्याने तुम्हाला बोलावलं तर तुम्हाला का नाही कळलं?"

बाहेर एक ट्राम वळणावर किंचाळली. "मी मोर्चाच्या कडेला उभी असते तेव्हा मी कोणाची कोणी नसते," त्या म्हणाल्या. "तिथे मला कधी कोणी बोलावलेलं नाही. कानाला त्याची सवय नाही."

न्यायाधीशांनी नाक पुसलं. "मग तुमच्याकडून आम्हाला समजलं काय? तुम्ही जे ऐकलंत ते आरोपीच्या विरुद्ध जातं, आणि जे त्याच्या बाजूने जातं ते तुम्ही ऐकलं नाहीत."

"ऐकलेलं विचारलंत म्हणून ते सांगितलं. बघितलेलं अजून विचारलं नाही."

"काय बघितलंत?"

"हात. उजवा. तळवा जमिनीकडे होता, बोटं अशी आत ओढली जात होती." त्यांनी करून दाखवलं. हवेत कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखा त्यांचा हात हलला. "हिंदुस्थानात माणसाला असं बोलावतात. तळवा खाली करून."

न्यायाधीशांनी नकळत आपला हात पुढे केला, तळवा वर, एक बोट आत. "आम्ही असं बोलावतो."

"तिकडे असं केलं तर कुत्र्याला बोलावल्यासारखं होतं. माझ्या नवऱ्याला मी एकदा असं बोलावलं होतं. तो दिवसभर बोलला नाही."

कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी शिपायाकडे वळून पाहिलं. "आरोपीने मारा मारा अशी खूण केली, असं तुम्ही म्हणालात. कशी ते दाखवा."

शिपाई उठला. तो प्रामाणिक माणूस होता. त्याने आठवून, डोळे बारीक करून, हात पुढे केला. तळवा खाली. बोटं आत, आत, आत. मध्येच तो स्वतःच थांबला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला.

चिथावणी सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी दुपारी सांगितलं. श्रीनाथ सुटला. वकिलांनी सगळ्यांशी हात मिळवले. वीणा रडली, मग रडल्याबद्दल स्वतःवरच चिडली, आणि परवान्याचं विचारून येते म्हणून एबर्लाइन यांच्याबरोबर कचेरीकडे गेली.

परतताना ट्राममध्ये श्रीनाथ आणि काकू समोरासमोर बसले. युद्धात जळून पोकळ झालेल्या जुन्या ऑपेरागृहाच्या भिंती खिडकीतून गेल्या. भिंतींच्या वर कोवळी झाडं उगवली होती. मग तो बोलला, मराठीत.

"‘हो’ ऐकलं हे सांगायलाच हवं होतं? नुसत्या हातावर सुटलो असतो मी."

"ते आत्ता कळतंय. त्यांनी विचारलं तेव्हा कळत नव्हतं."

"सांगितलंत तेव्हा मला वाटलं, संपलं."

"मलाही."

कंडक्टर येऊन गेला. श्रीनाथ बाहेर बघत होता. "खरं सांगू? शिक्षेचं नाही एवढं. मला वाटलं होतं, तुम्ही माझा आवाज तरी ओळखाल."

काकूंनी मांडीवरचे आपले हात पाहिले. कितीतरी वर्षं दुसऱ्यांचे हात बघून त्यांना आपले हात परके वाटत होते.

"ओळखला," त्या म्हणाल्या. "तुझाच आहे हे कळलं होतं. तुझ्या आवाजात ‘हो’ ऐकलं, म्हणूनच तर पाय हलले नाहीत."

श्रीनाथने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. ट्राम बोकनहाइमच्या वळणावर मंदावली. तो उठला, दाराशी गेला आणि त्या उतरेपर्यंत दार धरून उभा राहिला.